तुम्ही विचारलंत म्हणून : पाळी गेल्यावरची डबी

"अक्का, पाळी गेली आता. ती अँटिऑक्सिडंटची झाडपाल्याची गोळी सुरू करू काय?" निपाणीत माझ्या औषधाच्या दुकानात हे विचारल्याशिवाय एक आठवडा जात नाही. अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींची नासधूस रोखणारा पदार्थ. काउंटरवर गर्दीत अर्धवटच सांगून होतं, म्हणून आज नीट लिहिते.

विचारण्यात चूक काहीच नाही. पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटतं, कोलेस्टेरॉल चढायला लागतं, पहिली काही वर्षं हाडं झपाट्यानं झिजतात. अंगाची राखण कमी होते हे खरं. पण कॅप्सूलमधल्या अँटिऑक्सिडंटनं ती भरून निघते, असं काही सिद्ध झालेलं नाही. उलट फिनलंडमध्ये 29 हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा अभ्यास झाला, त्याचा निकाल 1994 साली आला: बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजरात असतं ते अँटिऑक्सिडंट, गोळीतून घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त. ते पुरुष होते, आपण बायका. तरी तंबाखूच्या गावात राहून मला तो आकडा विसरता येत नाही. म्हणून विड्या वळणारी, सकाळी मिश्री लावणारी बाई महागडी डबी मागते, तेव्हा मी आधी मिश्रीचं बोलते.

दिवाळीच्या आधी एक मावशी आल्या. छातीत धडधड, हाताला कंप. पिशवीतून रबर लावलेल्या स्ट्रिपा काढल्या: थायरॉईडची, बीपीची. तळाला पेपरात गुंडाळलेली एक डबी. लेबल बारीक इंग्रजीत, भिंग घेऊन वाचलं: अश्वगंधा, शतावरी, हळदीचा अर्क, मिरी. अश्वगंधेनं थायरॉईडचं हार्मोन वाढू शकतं, आणि मावशींची थायरॉईडची गोळी तर रोज चालूच. डॉक्टरांना डबीचं सांगितलं होतं का? "झाडपाल्याचं हाय, त्यात काय सांगायचं?" तशीच त्यांना डबी घेऊन डॉक्टरांकडे पाठवली. त्यांनी ती बंद केली आणि रक्त तपासायला सांगितलं.

हळदीचंही तसंच. आमटीतली चिमूटभर हळद वेगळी, अर्काची कॅप्सूल वेगळी. मिरीमुळे हळदीतलं कर्क्युमिन रक्तात कितीतरी जास्त उतरतं. अशा कॅप्सूलनं काहींच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदलं गेलंय. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

पैसे खर्चायचेच तर नाचणी आणा. 100 ग्रॅमला साधारण 350 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. हंगामात आवळा, रोज एक पालेभाजी, मूठभर शेंगदाणे. अंगातून वाफा निघून रात्र रात्र झोप नसेल तर सोसत बसू नका, त्यावर डॉक्टरांकडे उपचार आहेत. जाताना सगळ्या गोळ्या न्या, पेपरात गुंडाळलेलीसुद्धा.

आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी शतावरी घेऊन वाट बघू नका. त्याच आठवड्यात बायकांच्या डॉक्टरांकडे जा. सोबतीला कोणी नसेल तर मला सांगा, दुकान बंद करून मी येईन.