आठ फुटी टेबल, मधे पाय नाही

आमच्या कर्वेनगरच्या घरात खिडकीखालची भिंत सलग साडेआठ फूट आहे आणि गेली दोन वर्षं माझ्या डोक्यात तेच होतं, की इथे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच टेबल हवं. एका बाजूला माझं काम, दुसऱ्या बाजूला आईची शिलाई मशीन, आणि मधली जागा मुलीची. ती अभ्यासाला बसली की एकीकडे मी, एकीकडे आजी. म्हणून मधे पाय नको होता, एवढी एकच अट.

आधीचं टेबल ऑनलाइन मागवलेलं, पाच फुटी, वरची फळी पार्टिकल बोर्डची. वर्षभरात पेन्सिल ठेवली की घरंगळत मधे यायला लागली. मग एक दिवस दोन्ही टोकांना शिलाईचा दोरा ताणून धरला आणि मधे स्टीलच्या पट्टीने मोजलं, ९ मिलिमीटर झोळ! सगळं सामान उतरवून आठवडाभर टेबल रिकामं ठेवलं तरी तो गेला नाही. लाकडाचं असंच असतं, वजन कायम राहिलं की ते हळूहळू वाकत जातं आणि मग तसंच राहतं, पार्टिकल बोर्डमधे तर हे फारच. त्यामुळे पहिल्या दिवशी टेबल सरळ दिसतंय यावर अजिबात जाऊ नका.

लांबीचा हिशोब मला आधी माहीत नव्हता. फळी तीच, सामान तसंच सगळीकडे पसरलेलं, फक्त लांबी दुप्पट केली तर झोळ दुप्पट नाही, सोळापट होतो. जाडीचं उलट, जाडी दुप्पट केली की झोळ आठव्या हिश्शावर येतो. आणि सुताराच्या मापात सांगायचं तर (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फुटाला पाव सूत झोळ आला की तो डोळ्याला खुपायला लागतो, म्हणजे आठ फुटांना दोन सूत, पाव इंच. आपलं टेबल याच्या बरंच आत राहायला हवं.

आमच्या मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, मधे एक पाय द्या, विषय संपला." बरोबरच होतं त्यांचं, मधे पाय दिला की झोळ सोळाव्या हिश्शाच्याही खाली जातो. मी त्यांना तीन खुर्च्या मांडून दाखवल्या. त्यांनी बघितलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मग प्लाय डबल करू. पण चिकटवून बरं का, नुसता एकावर एक ठेवून काही होणार नाही."

हे "चिकटवून" फार महत्त्वाचं आहे. दोनशे पानी वही वाकवून बघा, सहज वाकते कारण पानं एकमेकांवरून सरकतात. तीच पानं फेविकॉल लावून दाबून वाळवली की पुठ्ठा होतो. दोन प्लाय नुसते एकावर एक ठेवले तर ताठपणा दुप्पट, पूर्ण चिकटवले तर आठपट. सामान तेच, फक्त डिंकाचा फरक.

भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन ८ बाय ४ ची एकच शीट घेतली, १८ मिलिमीटर, आणि दुकानातच लांबीत मधोमध चिरून घेतली. दोन तुकडे, ८ बाय २ चे, म्हणजे एका शीटमधे ३६ मिलिमीटर जाडीचं अख्खं टेबल बसतं. शिवाय अख्खी शीट आमच्या जिन्याच्या वळणावर फिरलीच नसती, लिफ्टचा तर प्रश्नच नाही. घेताना एक बघा, वरच्या थराचे रेषे लांबीच्या दिशेने हवेत, आडवे असतील तर तोच प्लाय लवकर वाकतो.

घरी फरशीवर जुन्या चादरी टाकल्या, फेविकॉल सगळीकडे सारखा पसरला, अगदी कडेपर्यंत, खालच्या बाजूने दर सहा इंचावर सव्वा इंची स्क्रू मारले, आणि वर पाण्याचे २० लिटरचे आठ जार ओळीने रात्रभर. फरशी आधी लेव्हल पट्टीने तपासली, कारण फरशीला बाक असेल तर तोच बाक टेबलात कायमचा वाळतो. नंतर सनमायका वरून आणि खालून, दोन्हीकडे. खालून कशाला असं सगळेच विचारतात, पण एकाच बाजूला लावला तर पावसाळ्यात उघडी बाजू ओल खाते आणि फळी पिळवटते.

मागची कड भिंतीला. सागाची पट्टी, प्लग घालून स्क्रूने पक्की, टेबल पूर्ण लांबीभर तिच्यावर टेकलेलं, त्यामुळे मागे झोळाचा विषयच नाही. पुढच्या कडेसाठी फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन बाय एक इंची लोखंडी पाइप आणला आणि तो टेबलाखाली लांबीत, दोन इंची बाजू उभी ठेवून लावला. फॅब्रिकेशनवाला तो आडवा लावायला निघाला होता, दिसायला बरा दिसतो म्हणून, पण तोच पाइप असा उभा लावला की साधारण तिप्पट ताठ राहतो. कडेपासून पाच इंच आत घेतलाय, म्हणजे मांडीला लागत नाही.

पाय दोनच, पण अगदी टोकाला नाहीत. सगळीकडे सारखं वजन धरलं तर आठ फुटांना प्रत्येक टोकापासून साधारण २१ इंच आत पाय घेतले की झोळ सगळ्यात कमी, टोकाला पाय असताना असतो त्याच्या जवळपास पन्नासाव्या हिश्शाइतका! पण तिथे पाय आले असते तर माझे आणि आईचे गुडघे रोज आपटले असते, म्हणून एक फूट आत घेतले. तेवढ्यानेही झोळ चौथ्या हिश्शाच्या आसपास येतो.

बसवून झाल्यावर परत तोच दोरा ताणला आणि मधोमध चार भरलेले जार ठेवले, साधारण ८० किलो. दोन मिलिमीटर. जार उतरवले, परत सरळ. मिस्त्रींनी खाली वाकून एकदा बघितलं, हात फिरवला आणि म्हणाले, "छान झालं, ताई."

आता तीन महिने झाले, महिन्यातून एकदा दोरा ताणून बघते. काल मुलगी मधे बसून भूगोलाचे नकाशे रंगवत होती, दोन्हीकडे पाय पसरून.