नाव विकायला काढताना

"महिन्याला ४०० भेटी, जाहिरातीवर एक पैसाही खर्च न करता." सहा वर्षांपूर्वी विकायला काढलेल्या एका डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, जाहिरातीत मी ही ओळ लिहिली होती. आकडा मोजून घेतलेला होता, खरा होता. तरीही ती ओळ लिहायला नको होती, असं मला आज ठामपणे वाटतं.

नोकरी सांभाळून मी डोमेन नावांची खरेदी-विक्री करते. ते नाव मुदत संपलेल्या नावांमधून मिळालं होतं. .कॉमच्या नावाचं नूतनीकरण राहिलं, तर ते लगेच सुटत नाही. रजिस्ट्रार, म्हणजे नावं नोंदवून देणारी कंपनी, ते ४५ दिवसांपर्यंत धरून ठेवू शकतो. ते काढून टाकल्यावरही आणखी ३० दिवस जुन्या मालकाला जादा शुल्क भरून सोडवून घेता येतं. शेवटचे ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि मग ते सगळ्यांसाठी खुलं होतं. एवढा काळ गेल्यावर माझ्याकडे आलेलं नाव रीतसर माझंच होतं. दोन सोपे शब्द, एकदा ऐकले की लक्षात राहणारे.

पंधरवड्यात गिऱ्हाईक मिळालं. नवीन नोंदणी झालेलं नाव साधारणपणे ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, म्हणून आम्ही थांबलो. त्या काळात, ईमेल नीट चालतं का हे बघायला, मी त्या डोमेनवरच्या कुठल्याही पत्त्यावर येणारी पत्रं एका पेटीत जमा होतील अशी सोय केली. दुसऱ्याच दिवशी एका मुलीचं पत्र आलं. वडिलांचं डायलिसिस सोमवारपासून सुरू होणार, त्यांना केळं दिलं तर चालेल का, आणि पाणी किती द्यायचं?

वेबसाइटची जुनी पानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर मी त्या नावाची जुनी पानं उघडली. हे काम मी खरेदीआधीच करायला हवं होतं. डायलिसिसवरच्या रुग्णांच्या घरच्यांना माहिती देणारं एक छोटं मंडळ त्या नावावर कितीतरी वर्षं काम करत होतं. माझ्या ४०० भेटी म्हणजे तीच घाबरलेली माणसं होती. मी त्यांना मालाचा गुण म्हणून जाहिरातीत मांडलं होतं.

गिऱ्हाइकाला मी सगळं सांगितलं. त्याला मूत्रपिंड 'शुद्ध' करणारी चूर्णं विकायची होती. त्याने विचारलं, "मग ती पत्रंही आम्हालाच मिळतील ना?" मी सौदा मोडला.

यातलं काहीही नियमाविरुद्ध नव्हतं. या व्यवसायातला सगळ्यात जास्त चर्चेचा नियम म्हणजे डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन या संस्थेचं १९९९ चं तंटा-निवारण धोरण, यूडीआरपी. तो ट्रेडमार्कवाल्यांसाठी आहे. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखंच किंवा गोंधळ उडेल इतकं जवळचं आहे, नाव धरणाऱ्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने नोंदवलं आणि वापरलं. ट्रेडमार्कच्या मालकाला किंवा त्याच्या स्पर्धकाला प्रत्यक्ष खर्चाहून जास्त पैशांत विकण्यासाठीच मुख्यतः नाव घेतलं असेल, तर तो वाईट हेतूचा पुरावा धरला जातो. या धोरणाखालचा पहिलाच निकाल, जानेवारी २००० चा, असाच होता. एकाने वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचं नाव .कॉममध्ये नोंदवलं आणि तीन दिवसांत त्याच कंपनीला १,००० डॉलरला देऊ केलं. नाव त्याच्या हातून गेलं. तेव्हा जे नवशिके मला विचारतात की "मोठ्या कंपनीला ईमेल टाकू का, त्यांच्या नावाशी जुळणारं आहे माझ्याकडे", त्यांना मी सांगते की तो ईमेलच तुमच्याविरुद्धचा पुरावा होईल. मुळात ते नाव घ्यायलाच नको होतं. यूडीआरपीत फार तर नाव जातं. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचं नाव वाईट हेतूने बळकावण्याविरुद्धच्या अमेरिकेच्या १९९९ च्या कायद्याखाली मात्र एकेका नावामागे १,००० ते १,००,००० डॉलर भरपाई लागू शकते.

साधा शब्द साध्या अर्थाने घेऊन विकणं यात गैर काही नाही, आणि हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. किंमत पटली नाही म्हणून तक्रार ठोकून नाव उकळायला बघणारे गिऱ्हाईकही असतात. अशी तक्रार वाईट हेतूने केल्याचं पंच निकालात नोंदवू शकतात.

पण माझी ती ओळ यातल्या कुठल्याच कलमात बसत नाही. म्हणून मी आता जाहिरात वेगळी लिहिते. नावाचा आधीचा वापर काय होता आणि येणारी माणसं कोणाला शोधत येतात, हे किमतीच्या वर लिहिते. त्यावरून स्पॅम गेला असेल, तर तेही. काही नवीन एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे .कॉमसारख्या शेवटच्या भागांमध्ये, 'प्रीमियम' नावाचं नूतनीकरण दरवर्षी भरमसाट महाग असतं. विक्रेता फक्त विक्रीची किंमत दाखवतो आणि वर्षभराने घेणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तो आकडा मी पहिल्या ओळीत देते. यंत्राने काढलेलं 'मूल्यांकन' छापत नाही. "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" हे ते खरोखर असेल तरच लिहिते. एस्क्रोचं, म्हणजे नाव हाती येईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थाचं, शुल्क कोण भरणार, हे आधीच ठरवते.

कमी नावं विकली जातात. माझ्या ओळखीचे एक जुने विक्रेते म्हणतात, एवढं सांगत बसलीस तर घेणारा पळेल. पळतात काही. त्यांना ते नाव कशासाठी हवं होतं, हा प्रश्न मला आता पडतो.

ते दोन शब्दांचं नाव अजून माझ्याकडे आहे. जुन्या पानांवरून मंडळाच्या एका कार्यकर्तीपर्यंत पोचले. काम बंद झालं होतं, पुन्हा सुरू करणारं कुणी नव्हतं. तिने सांगितलं त्याप्रमाणे मी तिथे एक पान ठेवलं: मंडळ आता चालत नाही, आहाराचे प्रश्न तुमच्या डायलिसिस केंद्रातल्या आहारतज्ज्ञांना विचारा, या नावावर कुणीही औषध विकत नाही. पत्रांची पेटी बंद केली. त्याआधी त्या मुलीला उत्तर लिहिलं, की मी डॉक्टर नाही, हे प्रश्न सोमवारी तिथे पोचल्याबरोबर विचार. नूतनीकरणाची आठवण आली की त्याच दिवशी पैसे भरते.