नाशिकचं सेटिंग लेहला चालत नाही: डिझेल हीटर ट्यूनिंग, नोंद 3

गाडी आधीच्या नोंदींतलीच, टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर. हीटर 12 व्होल्टचा चिनी, 5 किलोवॅटचा म्हणून विकतात तो. अंबडच्या शेडमधलं बेंचवरचं काम संपलं, निफाडकडची पहाटेची चाचणीही झाली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 5-6 अंशांवर येतो, त्यामुळे थंडीसाठी हिमालय गाठायची गरज नाही. अडचण लेहच्या उंचीची आहे, पण त्याआधी दोन साध्या चुका.

मूळ डिस्प्ले फक्त एररचा आकडा दाखवतो. त्याच्या जागी ईएसपी32 या वाय-फायच्या छोट्या चिपवर चालणारा आफ्टरबर्नर कंट्रोलर बसवला. लाल, काळी, निळी अशा तीनच वायरी. डेटा निळीवरून, 25,000 बॉडने (सेकंदाला 25,000 बिट). पंपाचे हर्ट्झ (सेकंदाला ठोके), फॅनचे आरपीएम, ग्लो प्लगचा (डिझेल पेटवणाऱ्या तापत्या कांडीचा) करंट आणि हीटरच्या बॉडीचं तापमान फोनच्या ब्राउझरवर एकत्र दिसतं.

पहिली चूक वायरिंगची. बॅटरी ठणठणीत, तरी हीटर लो व्होल्टेज म्हणून बंद पडतो. सुरुवातीला ग्लो प्लग 10 अँपिअरपर्यंत ओढतो. बॅटरीपासून हीटर 5 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 10 मीटर तांबं. 1.5 चौरस मिमीच्या वायरीत जवळपास 1.2 व्होल्ट वाटेतच जातात, 4 चौरस मिमीत 0.45. बॅटरीवर मीटर लावून हे कधीच कळणार नाही, हीटरच्या टोकाशी मोजा.

दुसरी चूक फॅनच्या सेन्सरची. फॅनवर लोहचुंबक एक असतो किंवा दोन, सेटिंगमध्ये तो एसएन-1 किंवा एसएन-2 असा निवडायचा. चुंबक दोन आणि सेटिंग एकाचं, तर कंट्रोलरला वेग दुप्पट वाटतो आणि तो फॅन निम्म्यावर आणतो. हवा कमी, काळा धूर, काजळी. पंपाला दोष देण्याआधी हे बघून घ्या.

पंपावर 0.022 मिली छापलेलं असतं, म्हणजे एका ठोक्याला तेवढं डिझेल. ठोके 200 मोजून सिरिंजमध्ये धरलं तर 4.4 मिली यायला हवं. कमी भरलं तर बहुतेक वेळा नळीत हवा असते. पंप आडवा ठेवू नका, बाहेर जाणारं तोंड वर करून 15 ते 35 अंशांत तिरका बांधा. हिरवी मऊ नळी प्रत्येक ठोक्याला फुगते. 2 मिमी आतल्या व्यासाची कडक नायलॉनची वापरा.

आता उंची. 5 हर्ट्झवर तासाला 396 मिली डिझेल जातं. लिटरला ढोबळ 10 किलोवॅट-तास धरले तर आत जाणारी उष्णता 4 किलोवॅट, उपयोगी पडते 3 च्या आसपास. (विकणाऱ्याचे 5 कुठून येतात, विचारू नका.) हवा-डिझेलचं हे मिश्रण नाशिकच्या 600 मीटरवर जुळवलेलं. लेह 3,500 मीटरवर, तिथे तेवढ्याच घनफळात हवा पाव हिश्श्याने कमी. डिझेल तेवढंच सोडलं तर मिश्रण रिच होणार (हवेच्या मानाने डिझेल जास्त), काजळी धरणार. फॅन वाढवून थोडं भागतं, पण जळणाची हवा आणि केबिनची गरम हवा एकाच मोटरवर आहेत, शिवाय फॅनलाही कमाल मर्यादा आहे. म्हणून पंपाचाच वेग उतरवायचा: कमाल 5.0 वरून 3.8 हर्ट्झ, किमानही त्याच प्रमाणात. उष्णता घटणार, ते गृहीत धरा.

हे इथे तपासता येत नाही. वणीच्या गडावर नेली तरी हवा पाच-सहा टक्केच विरळ होते, ग्राफवर ते दिसतही नाही. त्यामुळे नाशिक आणि लेह अशी दोन सेटिंग कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवली आहेत. वाटेत हिशेब करत बसायला नको.

किमान वेगावर रात्रभर चालवलं तर दहन कक्ष थंड राहतो आणि काजळी तिथेच साचते. बंद करण्यापूर्वी 15-20 मिनिटं फुल्लवर. मुख्य स्विचने तोडू नका, फॅनला हीटर पुरता गार करू द्या. एक्झॉस्टचं तोंड खिडकीपासून लांब, आणि झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. तो नसेल तर रात्री हीटर लावू नये.

उरलेलं काम: बर्नर उघडून काजळीचा थर बघणं आणि नवीन गॅस्केट. जुनं परत वापरलं की धूर केबिनमध्ये येतो.