परतवारीचा पाहुणा

आषाढ वद्य, बुधवार. रात्र

दुपारी पंढरपूरहून आळंदीला परतणारा माउलींचा रथ फलटणकडे गेला. पंढरपूरला जाताना आमच्या बरडला मुक्काम असतो, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. परतीला मात्र कुणी फार टेकत नाही. माणसं मोजकी आणि चाल झपाझप. नातेपुते ते फलटण ही वाट जाताना दोन दिवसांत होते, येताना तेच चाळीसेक किलोमीटर एका दिवसात तोडायचे. आळंदीहून पंढरपूरला पोचायला अठराएक दिवस लागतात. परतताना पौर्णिमेचा काला झाला की वद्य एकादशीपर्यंत आळंदी गाठायची. बाकीचे लाखो लोक एसटीनं, टेम्पोनं कधीच आपापल्या घरी पोचलेले असतात.

दिवेलागणीला दाराशी "रामकृष्ण हरी" ऐकू आलं. बाहेर पाहिलं तर एक म्हातारबाबा, सत्तरीच्या पुढचे. खांद्यावर पताका, काखेत पिशवी, एका चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला. पाणी मागितलं आणि पायरीवरच बसले. मी तांब्या दिला, पाया पडले, तर तेही माझ्या पाया पडायला वाकले. वारकऱ्यांची ही रीत माहीत असूनही दरवेळी मला अवघडल्यासारखं होतं.

"मागं राहिलात का माउली?"

"पायानं दगा दिला. बाकीची मंडळी गेली पुढं. मीच म्हणलं, जावा."

आत्याबाईंनी आतूनच विचारलं, "कांदा-लसूण चालतं का?" एकादशीपासून चातुर्मास लागलेला, बाबांचं सगळं बंद. मटकीला लसणाची फोडणी आधीच पडली होती. ती आमच्यासाठी ठेवली आणि त्यांच्यापुरतं हिंग-जिऱ्याचं पिठलं टाकलं. भाकरी तव्यावरून थेट ताटात. दीड भाकरी खाऊन हात आखडता घेतला. आत्याबाई आग्रहाला उठणार, तेवढ्यात त्यांनी ताटावर हात आडवा धरला, "आई, पोट भरलं की चालवत नाही."

चुलीवरचं कढत पाणी घमेल्यात ओतून मीठ टाकलं आणि पाय बुडवून बसवलं. डाव्या तळव्याला रुपयाएवढा फोड आणि त्यातून ओवलेला पांढरा दोरा, दोन्ही टोकं बाहेर लोंबणारी. फोडायचा नाही, सुईनं दोरा ओवून ठेवायचा, पाणी आपोआप झिरपतं आणि कातडी वर राहते. जाताना ही सुई कुणाकडूनही मिळते, शिवाय फिरते दवाखाने असतात. बाबांनी म्हणे धर्मपुरीच्या पुढं, झाड मिळेना म्हणून एका दुकानाच्या पत्र्याखाली बसून स्वतःच ओवला. झाड मिळणार कुठून! २०२१ साली पंतप्रधानांच्या हस्ते पालखी मार्गाची पायाभरणी झाली, रस्ता रुंद झाला, चालणाऱ्यांसाठी वेगळी पट्टीही आखली. चांगलंच आहे ते, पण सावलीचे जुने वड गेले ते गेले. नवी रोपं कमरेएवढी व्हायला अजून अवकाश आहे.

पाय शेकता शेकता ते जे बोलले ते तसंच्या तसं लिहून ठेवते. "जाताना नको नको म्हणून तोंड दुखतं. येताना पाणी कुणाला मागावं कळत नाही, दारं लावलेली असतात."

खरं आहे. आमच्याच घरी मुक्कामाच्या दिवशी एका माउलीला चौघींनी चार वेळा चहा पाजला होता. ओसरीवर मोबाईलसाठी वायरींचं जाळं, अंगणात लाडवांची परात, मंडळाचे टी-शर्ट, फोटो. त्यातलं पुण्य मी नाकारत नाही, लाखांची सोय होते ती त्यातूनच. पण त्या दिवशी निम्मी हौस आपलीच असते, आणि वारकरी ती निमूट सोसतात. रथ पुढं गेला की मांडव उतरतो, नळाला कुलूप लागतं. हैबतबाबा आरफळकर आमच्याच सातारा जिल्ह्याचे, त्यांच्यामुळं ह्या सोहळ्याला आजचं रूप आलं हे आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. आत्याबाई म्हणतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा परतवारीलाही ओसरीवर दोन-चार पथाऱ्या पडायच्याच.

आमच्या ह्यांनी मोटरसायकलवरून फलटणला सोडतो म्हटलं. बाबा नको म्हणाले. "गाडीवर बसलो तर मग पंढरपुरातनंच एसटी धरली असती की." उद्या पालखी फलटणहूनही पुढं गेलेली असणार, गाठायची कशी, ह्याची त्यांना मुळीच चिंता दिसली नाही. "आळंदीत गाठ पडतीयच."

मोबाईल चार्जिंगला लावून दिला. चालू झाल्या झाल्या वाजला. खेड तालुक्यातून सून बोलत होती, दोन दिवस फोन लागत नाही म्हणून रडकुंडीला आलेली. तिला पत्ता सांगितला, जेवले म्हणून सांगितलं, काय जेवले तेही तिनं विचारलं. मग बाबांनी पिशवीतून चुरमुऱ्या-बत्ताशांची पुरचुंडी काढून आमच्या पिंट्याच्या ओंजळीत मूठभर ओतली. ती घरच्या नातवंडांसाठी होती हे उघड होतं, म्हणून मी थोडा परत घ्या म्हटलं, तर प्रसाद परत घेत नाहीत म्हणून मलाच दटावलं.

आत पलंग दिला होता, त्यांना ओसरीच हवी. पहाटे चारला उठणार, कुणाला उठवायला नको. कडी कशी उघडते ते दोनदा विचारून घेतलं. संडासचा दिवा रात्रभर चालू ठेवलाय. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून उशाशी ठेवली, पिंट्याच्या आजोबांची जुनी चामडी चप्पल शेजारी. मापाची आहे, घालून पाहिली त्यांनी. पण सुतळीवाली फेकू देत नाहीत, पिशवीत घातली.

रस्त्याच्या कामात फाटकाबाहेरचा आमचा नळ गेला, तेव्हापासून वाटसरूला पाणी हवं तर आत येऊनच मागावं लागतं. तो परत बसवायचा विषय आज पुन्हा काढला. हे म्हणतात कार्तिकीनंतर बघू, आत्ता ऊसाला पैसे लागणार आहेत. मी म्हटलं, पाइप घरात पडलाय, तोटी दीडदोनशेची, ह्या रविवारी मी स्वतः माणूस बोलावते. कुलूप मात्र त्याला लावायचं नाही.