बाग भावावर सोपवून दहा दिवस

आमच्या तासगाव तालुक्यात द्राक्षबाग असणाऱ्या माणसाची झोप फळछाटणीबरोबर जाते. बाग फुलोऱ्यात असताना आभाळ आलं की रात्री-अपरात्री उठायचं, वारं कुठलं आहे ते बघायचं, मोबाईलवर पावसाचा अंदाज चाळत बसायचं आणि उजाडायच्या आत ब्लोअर जोडून दावण्याच्या, म्हणजे डाउनी या बुरशीरोगाच्या फवारणीला निघायचं. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच. माझं बिघडलं ते एका हंगामात व्यापाऱ्यानं माल तोडून नेला, थोडे पैसे दिले आणि नंतर फोन बंद केला, तेव्हापासून. हंगाम संपला, एप्रिलची खरड छाटणी झाली, तरी झोप परत आली नाही. छातीत सतत काहीतरी आवळल्यासारखं व्हायचं. सांगलीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, हृदय ठीक आहे म्हणाले, रक्तदाबाची गोळी चालू केली आणि "डोक्यातलं काढून टाका" असं सांगितलं. ते काढायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

गावातले एक निवृत्त गुरुजी वर्षानुवर्षं विपश्यना ही ध्यानसाधना करतात. ती दहा दिवसांच्या निवासी शिबिरात शिकवतात. त्यांच्या शाळेत 'मित्र' उपक्रमात मुलांना आनापान शिकवलं जायचं, म्हणजे डोळे मिटून फक्त येणारा-जाणारा श्वास बघायचा. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी सांगून कळायचं नाही. दहा दिवस काढा आणि जाऊन बसा."

सांगलीकरांना जवळचं केंद्र म्हणजे हातकणंगले तालुक्यात आळत्याजवळ, रामलिंगच्या रस्त्याला असलेलं धम्मालय. मिरजेहून कोल्हापूरची गाडी धरली की हातकणंगले स्टेशन येतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. त्यात आजार, चालू असलेल्या गोळ्या, मानसिक त्रास, व्यसन, सगळं विचारतात. ही माहिती खरी आणि पूर्ण द्या, हे मी फार कळकळीनं सांगतो. आपल्याकडे "त्याचं डोकं फिरलंय, विपश्यनेला पाठवा" असं सर्रास म्हणतात. गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसासाठी हे शिबिर नाही, तिथले लोक स्वतःच तसं सांगतात. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी तिथं गेलो म्हणून बंद करायची नसते. माझी रक्तदाबाची गोळी दहाही दिवस चालू होती.

घरातली अडचण वेगळीच निघाली. आमचं घर वारकरी, आई माळकरी. शिबिराच्या नियमात लिहिलेलं असतं की तेवढे दिवस जप, पूजा, दुसरी कुठलीही साधना थांबवायची. आईला ते पटेना.

"धा दिवस हरिपाठ न्हाई? मग कसलं ध्यान म्हणायचं हे?"

"सोडत न्हाई आई. धा दिवस बाजूला ठेवतोय."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "इठ्ठल काय रुसायचा न्हाई. पर बागंकडं कोण बघणार, ते आधी ठरव."

बागेकडे थोरल्या भावानं बघायचं ठरलं. वेलीची काडी पिकायला लागलेली असते आणि बागेत कामाचा जोर कमी असतो, तो श्रावणाच्या आसपासचा काळ मी मुद्दाम निवडला होता.

पोहोचल्यावर मोबाईल, वही, पेन, वाचायचं काही असेल ते, सगळं जमा करून घेतात. त्याच संध्याकाळी मौन सुरू होतं. शेजारी झोपणाऱ्याशी बोलायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. व्यवस्थेतलं काही हवं असेल तर धम्मसेवकाशी, म्हणजे शिबिरात सेवा देणाऱ्या साधकाशी, आणि साधनेबद्दल काही असेल तर आचार्यांशी, एवढंच बोलणं. पहाटे ४ ला घंटा, साडेचारला बैठक, ११ ला जेवण, संध्याकाळी ५ ला नवीन साधकांना चहा, चुरमुरे आणि फळ, मग सात वाजता ही साधना शिकवणारे आचार्य सत्यनारायण गोयंका यांचं ध्वनिमुद्रित प्रवचन आणि साडेनऊला दिवे बंद. रात्रीचं जेवण नाही. शेतकऱ्याला पहाटे उठण्याचं काही वाटत नाही आणि भुकेचंही मला दुसऱ्या दिवसानंतर काही वाटलं नाही. माझ्या रांगेतल्या एका गृहस्थांना तंबाखू सोडणं फार जड गेलं. त्यांची बोटं सारखी रिकाम्या तळहातावर चोळली जायची.

पहिले साडेतीन दिवस आनापान. नाकपुड्यांच्या आत आणि खाली, वरच्या ओठाच्या वर एवढीशी जागा, तिथं येणारा आणि जाणारा श्वास जाणायचा. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. प्राणायाम नाही, श्वास मुद्दाम खोल घ्यायचा नाही. ऐकायला हे किती साधं वाटतं! माझं मन चार श्वास टिकायचं नाही. व्यापाऱ्याचा फोन, बँकेचा हप्ता, भावानं बुरशीनाशकाचं प्रमाण बरोबर घेतलं असेल का, सगळं एकामागून एक. आणि मधेच, न बोलावता, श्वासाबरोबर ओठांवर नाम यायचं. लहानपणापासूनची सवय ती. नाम आलं की मन झटकन स्थिर व्हायचं. मग ते का नको, हा प्रश्न मला छळायला लागला.

दुपारी बारानंतर आचार्यांना भेटता येतं. मी जाऊन विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "नाम चुकीचं आहे असं कुणी म्हणत नाही. शब्द जोडला की मन लवकर टिकतं, पण मग लक्ष शब्दावर राहतं आणि श्वास जसा आहे तसा दिसत नाही. इथं आपल्याला आहे तसं बघायचं आहे. दहा दिवस या पद्धतीला पूर्ण संधी द्या." त्यांनी वाद घातला नाही आणि माझ्या श्रद्धेला धक्काही लावला नाही. मला ते मनापासून पटलं. आज मी संध्याकाळी आईबरोबर हरिपाठाला बसतो आणि पहाटे विपश्यनेला. दोन्ही एकमेकांत मिसळत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना शिकवतात. आता नाकाखालची जागा सोडून डोक्यापासून पायापर्यंत मन क्रमाक्रमानं न्यायचं आणि त्या-त्या जागी जी संवेदना असेल ती फक्त बघायची. खाज, उष्णता, जडपणा, ठोके, मुंग्या, काहीही. विरळणी करताना, म्हणजे घडातले जादा मणी काढताना, आपण एकही घड न सोडता ओळीनं पुढं जातो, तसं एकही भाग न सोडता जायचं. सुखाची संवेदना आली तर ती धरायची नाही, दुखणं आलं तर ढकलायचं नाही, यालाच तिथं समता म्हणतात. सगळं येतं आणि जातं, अनित्य आहे, हे पुस्तकातून नव्हे तर स्वतःच्या अंगावर बघायचं.

त्यानंतर रोज तीन बैठका अधिष्ठानाच्या: सकाळी ८ ते ९, दुपारी अडीच ते साडेतीन, संध्याकाळी ६ ते ७. त्या तासात डोळे उघडायचे नाहीत, मांडी मोडायची नाही, हात हलवायचे नाहीत. अर्ध्या तासानंतर माझ्या उजव्या गुडघ्यात अशी कळ यायची की घाम फुटायचा. अशाच एका दुपारी तो व्यापारी डोळ्यांसमोर आला. त्याची पांढरी गाडी, बागेत उभा राहून एक मणी तोंडात टाकून "साखर चांगली भरलीय" म्हणणं, सगळं. आणि छातीत तेच आवळणं सुरू झालं, ज्याच्यासाठी मी ईसीजी काढून आलो होतो.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या आवळण्याकडे बघितलं. बरोबर मध्ये, बरगड्या जुळतात तिथं, मुठीएवढी गरम जागा. तिला कडा होत्या. ती ठोक्यांबरोबर हलत होती. बघता बघता ती डावीकडे सरकली, थोडी पसरली, तिथं नुसती धडधड उरली आणि मग तीही विरळ झाली. व्यापारी अजून डोळ्यांसमोर होताच, पण छाती मोकळी होती. राग मनात येतो आणि नंतर अंगाला त्रास होतो, असं मी समजत होतो. प्रत्यक्षात मी इतके महिने त्या माणसाशी भांडत नव्हतो, माझ्या छातीतल्या त्या गरम मुठीशी भांडत होतो, आणि प्रत्येक वेळी तिला आणखी सरपण घालत होतो. मन आणि शरीर वेगळं धरून माझ्यावर उपचार चालले होते, म्हणून काही लागू पडत नव्हतं.

संध्याकाळच्या प्रवचनात गोयंकाजी स्वतःची गोष्ट सांगतात. १९२४ साली मंडालेत जन्म, ब्रह्मदेशातले बडे व्यापारी, घर कट्टर सनातनी. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास, त्यासाठी मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची. कुणीतरी त्यांना सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पाठवलं. ते सरकारी खात्यात महालेखापाल होते आणि ध्यानही शिकवायचे. केवळ डोकेदुखी घालवायला आला असाल तर इथं जागा नाही, ही विद्या त्यापेक्षा फार मोठ्या कामासाठी आहे, असं त्यांनी गोयंकाजींना सांगितलं. गोयंकाजी तरीही १९५५ मध्ये शिबिराला बसले. पुढं १९६९ साली ते भारतात आले, १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी उभं राहिलं. ते २०१३ मध्ये गेले, पण शिबिरात आजही त्यांच्याच आवाजात सूचना असतात. मी छातीच्या त्रासासाठी गेलो होतो, त्यामुळे ही गोष्ट मला थेट लागू झाली. त्रास कमी होतो, पण तो कमी व्हावा म्हणून बसलो की सगळं लक्ष 'कमी झाला का' इकडेच राहतं.

शिबिरात शिरताना पंचशील घेतात. त्यातलं पहिलं, जीवहत्या न करणं. द्राक्ष बागायतदार हे शील कसं पाळणार? थ्रिप्स, उडद्या, मिलीबग अशा किडी, आमचं अर्धं वर्ष त्यांना मारण्यात जातं. या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे आजही नाही. एवढं झालं की भीतीपोटी मारलेला फवारा आणि गरजेपोटी मारलेला फवारा यातला फरक दिसायला लागला.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री शिकवतात. आपल्याला मिळालेली शांती सगळ्यांना मिळो, मी सर्वांना क्षमा करतो, असं मनात म्हणायचं. आई, बायको, मुलं, भाऊ, सगळ्यांसाठी ते सहज झालं. व्यापाऱ्यापाशी मात्र अडलं. शब्द म्हटले, पण आतून आले नाहीत. मग मौन सुटलं आणि हॉलबाहेर एकच कल्लोळ झाला. ते तंबाखूवाले गृहस्थ शिरोळ तालुक्यातले ऊसवाले निघाले.

राहणं, जेवण, शिकवणं, कशाचीही फी नसते. शिबिर पूर्ण केलेल्या माणसाकडूनच दान घेतात, तेही त्याच्या इच्छेनं.

खरं काम घरी आल्यावर सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. विरळणीच्या दिवसांत, वीसेक बायका बागेत असताना संध्याकाळचा तास मिळत नाही. मी पहाटेचा तास धरून ठेवला आणि संध्याकाळी जमेल तेवढं. ज्यांना एकट्यानं जमत नाही त्यांनी जवळचे जुने साधक, म्हणजे आधी शिबिर केलेले लोक, शोधून आठवड्यातून एकदा सामूहिक बैठकीला जावं. गुरुजींच्या घरी आम्ही काही जण बसतो, त्यामुळेच माझी साधना टिकली.

त्या वर्षी फुलोऱ्यात पाऊस आलाच. रात्री पत्र्यावर आवाज सुरू झाला आणि पोटात गोळा उठला, नेहमीसारखाच. मी अंथरुणावरच उठून बसलो आणि गोळा बघितला. तो उतरायला वेळ लागला. मग टॉर्च घेऊन बागेत गेलो, पानं चाचपली, पाणी किती वेळ टिकलंय बघितलं, सल्लागाराला पहाटे फोन केला आणि एकच फवारणी घेतली. आधीच्या वर्षी अशा पावसात मी घाबरून लागोपाठ फवारे मारले असते. समता म्हणजे हातावर हात ठेवून बसणं असं काही लोकांना वाटतं. तसं नाही. व्यापाऱ्याविरुद्ध मी पोलिसांत रीतसर तक्रार दिली आहे, तारखांना जातो, कागद नीट लावतो. आता त्यासाठी मला रागाची गरज पडत नाही.

झोप बरीच सुधारली, रोज नाही. गोळी डॉक्टरांनी कमी केली आहे, बंद केलेली नाही. पोरं माझ्याशी न घाबरता बोलतात. हे मला बायकोनं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, "आता माझा फॉर्म भरा." भरला आहे. खरड छाटणी उरकली की ती जाणार. त्या दहा दिवसांत आईचं पथ्याचं जेवण, पोरांचे डबे आणि गोठा माझ्याकडे.