'री-रन कर, जाईल'

मंगळवार, रात्री उशिरा

रात्रीचा बिल्ड (सगळा कोड जोडून त्याच्या टेस्ट आपोआप चालवणं) पुन्हा लाल, म्हणजे एक टेस्ट फेल. सकाळी कोणी लॉग उघडायच्या आतच चॅटवर सल्ला आला, 'री-रन कर, जाईल.' आणि पुन्हा चालवल्यावर ते लाल गेलंही. मला बिल्ड लाल झाल्यापेक्षा या सल्ल्याची जास्त धास्ती वाटते. ज्या दिवशी खरंच काही मोडलेलं असेल, त्या दिवशीही आधी हेच सुचणार.

दुपारी ती टेस्ट घेऊन बसलो. बिल भरायची मुदत 30 दिवसांनंतरची लागते का, एवढंच ती तपासते. हिशेब बरोबर होता. पण कोड 'आज'ची तारीख यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) घेत होता आणि टेस्ट मशीनच्या स्थानिक वेळेप्रमाणे. दिवसभर दोन्हीकडे एकच तारीख, म्हणून टेस्ट हिरवी. मध्यरात्र उलटली की मशीनवर नवा दिवस लागतो, यूटीसीत अजून आदलाच चालू असतो, आणि मुदत एका दिवसाने चुकलेली दिसते. सकाळपर्यंत तारखा जुळतात, म्हणून री-रन पास. टेस्ट लहरी नव्हतीच, ठरलेल्या वेळीच पडत होती. कोडला घड्याळ बाहेरून दिलं. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत त्यासाठी 2014 पासून, म्हणजे आठव्या आवृत्तीपासून, 'क्लॉक' आहे. टेस्टमध्ये वेळ गोठवली आणि मध्यरात्रीच्या अलीकडची-पलीकडची अशा दोन केस मुद्दाम लिहिल्या.

गूगलने 2016 मध्ये आपले आकडे मांडले होते: सुमारे 16 टक्के टेस्ट कमी-अधिक फ्लेकी (कोड तोच असूनही कधी पास, कधी फेल होणाऱ्या), आणि पास होणारी टेस्ट फेल व्हायला लागली अशा प्रसंगांपैकी 84 टक्क्यांत फ्लेकी टेस्टच गुंतलेली. एवढ्या खोट्या हाका ऐकल्यावर माणूस खऱ्या हाकेलाही उठत नाही, यात त्याचा आळस नाही.

स्लीप, म्हणजे टेस्टने नुसतं थांबून राहायचे सेकंद, वाढवून टेस्ट 'दुरुस्त' करणं मला अजिबात पटत नाही. काम उरकल्याची खूण बघून पुढे जावं. सेकंद वाढवले तर बिल्ड रेंगाळतो आणि मशीनवर ताण आला की टेस्ट पुन्हा पडतेच.

दुसरा प्रकार मला याहून वाईट वाटतो. गेल्या आठवड्यात एका मेथडच्या (एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या) दोन केल्या, निकाल तोच, तरी टेस्टची रांगच लाल. मॉक (टेस्टमध्ये खऱ्या भागांच्या जागी लावलेले नकली भाग) अडून बसले होते: अमुक मेथड एकदाच आणि अमुक क्रमानेच बोलावली गेली पाहिजे. असं लाल री-रनने जात नाही. मग लोक अपेक्षा बदलत राहतात, हिरवं होईपर्यंत. खरा बग असाच एखाद्या बदललेल्या अपेक्षेखाली गाडला जातो. त्यातल्या बऱ्याच टेस्ट मी आता परत मिळणाऱ्या उत्तरावर बेतल्या आहेत. ईमेल पाठवण्याच्या ठिकाणी मात्र मॉक ठेवला. तिथे ईमेल एकदाच जाणं हाच तर निकाल आहे.

उरलेल्या फ्लेकी टेस्ट उद्या मुख्य बिल्डमधून बाजूला काढायच्या. प्रत्येकीपुढे दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि तारीख हवी. तारीख उलटली तर टेस्ट काढून टाकायची, असं मी सुचवणार आहे. यावर वाद होईल, तो व्हायलाच हवा.