पत्र्याखालचे रोल आणि फ्रिजमधले रोल

एक्स्पायरी उलटलेला फिल्मचा रोल हातात आला की लोक आधी डब्यावरची तारीख बघतात. मी आता आधी विचारतो, हा रोल इतकी वर्षं होता कुठे? कंपनीने सांगितलेल्या थंडाव्यात रोल राहील असं धरूनच ती तारीख छापलेली असते. आपल्याकडच्या उन्हाळ्याशी तिचा काही संबंध नाही.

हे नीट तपासून बघायला मिळालं ते अकोल्यातल्या काकांच्या स्टुडिओमुळे. स्टुडिओ बंद करून सामान आवरताना न वापरलेले रोल दोन ठिकाणी निघाले. काही घरच्या फ्रिजमध्ये, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. बाकीचे स्टुडिओच्या माळ्यावर, थेट पत्र्याखाली. दोन्हीकडे 400 स्पीडचे (स्पीड म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) ब्लॅक अँड व्हाइट रोल होते आणि त्यांच्या खोक्यांवरचा इमल्शन नंबर, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा नंबर, एकच होता, तारीख 2006 ची. एकाच वेळी, एकाच कारखान्यातून निघालेले रोल; एक थंड्यात राहिला, दुसरा विदर्भातल्या उन्हात. असा जोड मुद्दाम शोधूनही मिळत नाही.

काका म्हणाले, "माळ्यावरचे फेकून दे रे. भाजले ते."

"काका, एक धुऊन तर पाहू द्या," मी म्हटलं, आणि रोल घेऊन आलो.

उन्हाने होतं काय? फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात, म्हणजे इमल्शनमध्ये, सिल्व्हर हॅलाइडचे बारीक स्फटिक असतात. प्रकाश पडला की स्फटिकात इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि चांदीच्या काही अणूंचा एक इवलासा पुंजका तयार होतो. डेव्हलपर त्या पुंजक्यापासून सुरुवात करून अख्खा स्फटिक काळा करतो. उष्णता हेच काम प्रकाशाशिवाय करते, फक्त फार सावकाश. शिवाय कारखान्यात इमल्शनची संवेदनशीलता वाढवण्यासाठी ते ठरावीक काळ तापवून मुरवतात आणि नेमक्या वेळी थांबवतात. घरी उन्हात ही क्रिया पुन्हा पुढे सरकू लागते. आढीतला आंबा वेळेत काढला नाही तर पिकण्याच्या पुढे जातो, तसंच हे. रासायनिक क्रियांचा वेग दर 10 अंशांमागे साधारण दुप्पट होतो हा ढोबळ नियम धरला, तर पत्र्याखालच्या एका मे महिन्यात रोलचं वय किती वाढत असेल याचा अंदाज येतो. 1960 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना उटीला उभारला गेला, त्यामागे तिथली थंड आणि धूळ नसलेली हवा हे मोठं कारण होतं. 'इंदू' छापाचे रोल वापरलेल्यांना तो कारखाना आठवत असेल.

पहिली चाचणी कॅमेऱ्याविना केली. पूर्ण अंधारात दोन्ही रोलमधून बोटभर लांबीचे दोन-दोन तुकडे कापले. प्रत्येकाचा एक तुकडा नुसता हायपोत (न वापरलेलं सिल्व्हर हॅलाइड विरघळवणाऱ्या रसायनात) टाकला, दुसरा रीतसर डेव्हलप करून मग हायपोत. नुसत्या हायपोतला तुकडा म्हणजे फिल्मचा मूळ पाया. डेव्हलप केलेल्यावर त्याहून जास्त जो काळेपणा दिसेल तो सगळा फॉग. सुकल्यावर चारही तुकडे वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. फ्रिजमधल्या रोलच्या दोन तुकड्यांत फरक बारकाईने बघितला तरच कळत होता. माळ्यावरच्या रोलचा डेव्हलप केलेला तुकडा मात्र राखाडी धुरकट झाला होता. त्याच्याखालचा मथळा वाचता येत होता, बारीक मजकूर नाही. त्या फिल्मवर प्रकाशाचा एक किरणही कधी पडला नव्हता. जुना रोल हातात आला तर बाकी काही नाही केलं तरी एवढं जरूर करा. दोन बोटं फिल्म जाते आणि अख्ख्या रोलचा स्वभाव कळतो.

मग प्रत्यक्ष फोटो. कडुनिंबाखालची भिंत निवडली, कारण तिथे ऊन आणि गडद सावली शेजारी-शेजारी होती. भिंतीला ग्रे कार्ड (प्रकाश मोजायचं राखाडी कार्ड) टेकवलं, कॅमेरा ट्रायपॉडवर लावला आणि दोन्ही रोलवर तोच फोटो स्पीड 400, 200, 100 आणि 50 धरून घेतला; आकडा निम्मा केला की फिल्मला प्रकाश दुप्पट मिळतो. रोल धुताना पाण्याची काळजी घ्यावी लागली. एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळेल इतकं तापतं, आणि तपासायची होती रोलने सोसलेली उष्णता, धुण्यातली नव्हे. म्हणून घमेल्यात बर्फाचं पाणी घेऊन त्यात केमिकलच्या बाटल्या ठेवल्या आणि सगळं 20 अंशांवर आणलं. डेव्हलपर एचसी-110, डायल्यूशन बी, म्हणजे कंपनीने दिलेल्या ठरावीक प्रमाणात पातळ केलेला. जुन्या रोलसाठी हा मला आवडतो, कारण तो स्वतःहून फॉग फारसा वाढवत नाही. बेन्झोट्रायझोल घालून फॉग आणखी दाबता येतो, पण त्याने स्पीडही उतरतो, म्हणून या तुलनेत ते टाळलं.

फ्रिजमधला रोल 200 ला उत्तम आला. माळ्यावरच्या रोलवर 400 चा फोटो पाहिला तर भिंत होती, पण झाडाच्या बुंध्यालगतची सावली पार गायब. फॉग आधी सावल्या खातो. तिथे मुळात चांदी कमी जमलेली असते आणि ती धुरात बुडून जाते. 100 ला सालीच्या भेगा दिसू लागल्या. 50 ला निगेटिव्ह जड झाली, तरी प्रिंट निघेल अशी होती. म्हणजे या रोलला प्रकाश पूर्ण दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट, द्यायचा. दाणा जाडच राहणार आणि कॉन्ट्रास्ट मऊच राहणार, त्यावर उपाय नाही. त्याच माळ्यावरचे 125 स्पीडचे रोल मात्र कितीतरी चांगले निघाले. मंद फिल्मचे स्फटिक बारीक असतात, त्यामुळे ती उन्हाला जास्त टिकते.

रंगीत रोलची कथा दुःखाची आहे. तिथे लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे थर वेगवेगळे, आणि प्रत्येक थर आपापल्या गतीने म्हातारा होतो. माळ्यावरच्या रंगीत रोलमध्ये चेहरा दुरुस्त करावा तर सावली हिरवी, सावली दुरुस्त करावी तर चेहरा जांभळट. स्कॅनिंगमध्ये कितीही खटपट केली तरी हे पूर्ण सुटत नाही. असा रोल लग्नाच्या किंवा घरच्या आठवणीच्या फोटोंसाठी कृपा करून वापरू नका. 120 चे (कागदासह गुंडाळलेले, रुंद फिल्मचे) रोल असतील तर आणखी एक बघा. उष्णतेला दमट हवेची जोड मिळाली की मागच्या काळ्या कागदावरचे आकडे फिल्मवर उमटतात. कोकणात आणि मुंबईत हा धोका जास्त.

ठेवायचं कसं, तर कारखान्याचं सीलबंद पाकीट किंवा डबी फोडायची नाही, तशीच घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये. वर्षानुवर्षं ठेवायचे असतील तर फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर तास-दीड तास तसंच राहू द्यायचं, फ्रीझरमधले असतील तर त्याहून जास्त. घाईने उघडलं तर फिल्मवर दव धरतं. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांनीही फिल्मवर फॉग चढतो आणि त्यांना फ्रिज थोपवू शकत नाही, त्यामुळे 3200 सारखे वेगवान रोल साठवून ठेवण्यात अर्थ नाही. पण थंडी काय करू शकते याचं माझं आवडतं उदाहरण आर्क्टिकमधलं आहे. 1897 मध्ये बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या आंद्रे यांच्या मोहिमेची फिल्म 1930 मध्ये क्वितोया बेटावर सापडली, आणि 33 वर्षांनी धुऊनही तिच्यातून 93 फोटो मिळाले. आपल्याकडे उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा राहिला तर तिथलं तापमान 60 च्या पुढे जातं. काही तासांनी ब्लॅक अँड व्हाइट रोल बहुधा तगतो, पण रोज तसं होत असेल तर नाही.

125 चे रोल मी 50 ला धरून बाळापूरच्या छत्रीचे (खांबांवर उभ्या जुन्या वास्तूचे) फोटो काढायला वापरले. दगडी खांबांवरचं कोरीव काम नीट उतरलं. काकांनी प्रिंट भिंगाखाली धरून सावलीतला भाग बराच वेळ बघितला आणि माळ्यावरचा उरलेला खोका स्वतःच आणून दिला. त्यातले 400 चे रोल, धुण्याआधी स्पायरलवर (फिल्म गुंडाळायच्या चकरीवर) फिल्म चढवायला शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळे काढून ठेवले आहेत.